‘आपल्याला’ म्हणजे कोणाला?

सिद्ध्या, रडारड नंतर बघू. आधी आपलं भांडण संपवू.

त्या सोमवारी दुपारी तू मला मेसेज टाकलास, ‘आपल्याला डॉक्टरकडे जायला पाहिजे यार एकदा.’ मी क्लासमध्ये शिरत होते, हातात मार्कर, खांद्यावर पर्स. डोक्यात तुझ्या आईचा गुडघा होता, कारण आदल्याच आठवड्यात तू म्हणाला होतास की आईला आता जिना उतरताना कठडा धरावा लागतो. मी चालता चालता लिहिलं, ‘हो, काकूंचा गुडघा ना? रविवारची अपॉइंटमेंट घेते. मी पण येते.’ तुझ्याकडून बराच वेळ काही आलं नाही. मग आलं, ‘चालेल.’ आणि खाली एक अंगठा.

गुरुवारी सकाळी तू गेलास. अंधेरीतल्या एका बिल्डिंगचा जिना चढताना, अकराव्या मजल्यावर. लिफ्ट बंद होती, म्हणून तर तुला बोलावलं होतं. हृदय बंद पडलं म्हणाले. अठ्ठावीस वर्षांचं हृदय, आणि बंद पडलं म्हणे.

तेव्हापासून मी तो मेसेज काढून बसते. ‘आपल्याला’ म्हणजे कोणाला रे? दुसरा कुठलाही माणूस असता तर त्याने लिहिलं असतं, ‘मला बरं वाटत नाही.’ चार शब्द. पण तुला ‘मी’ म्हणायची चोरी! आपल्याला भूक लागली. आपल्याला नाय आवडत असलं. आपण झोपलो होतो. आपण बोललोच नाय तिला. तुझ्या त्या ‘आपण’मध्ये कधी तू एकटा असायचास, कधी आपण दोघं, कधी अख्खी कॉलनी. वीस वर्षं मला न विचारता कळायचं यातला कुठला ते. एकदाच चुकलं, आणि तेही कधी चुकावं!

ही गोष्ट मी कोणालाच सांगितली नव्हती. तुझा फोन काकूंनी शोकेसमध्ये ठेवलाय, तुझ्या आणि बाबांच्या फोटोच्या मधे. त्याची चार्जिंग संपलीय, आणि तुझं ते कुलूप कोणाला उघडता येत नाही. म्हणजे मी गप्प बसले असते तर हे जगात कोणाला कळलं नसतं. तेरा दिवस मी तुमच्या घरी चहा करत होते, चपला सरळ लावत होते, येणाऱ्या-जाणाऱ्यांना ‘बसा ना’ म्हणत होते, आणि काकू माझ्याकडे बघून म्हणायच्या, “अशूचो किती आधार आमका.” मी बशा उचलून आत जायचे.

माझा धंदाच मुळी बोलायला शिकवण्याचा. घाटकोपरला त्या मिठाईच्या दुकानावर आमचा क्लास आहे, तिथे मी वीस-बावीस वर्षांच्या पोरापोरींना मुलाखतीत कसं बोलायचं ते शिकवते. ताठ बसा. डोळ्यांत बघा. ‘आम्ही’ नको, ‘मी’ म्हणा. मी हे केलं, मी हे सांभाळलं, माझा निर्णय होता. माणूस स्वतःबद्दल नीट बोलायला लागला की त्याला स्वतःबद्दल नीट वाटायला लागतं, हे माझं ठरलेलं वाक्य. तू ते इतक्या वेळा ऐकलंयस की मी ‘माणूस’ म्हटलं की तू पुढचं पूर्ण करायचास, माझ्या आवाजात, मान वाकडी करून. फार वाईट नक्कल करायचास, सांगून ठेवते.

एकदा तू मला न्यायला आलास आणि क्लास संपला नव्हता म्हणून मागच्या बाकावर येऊन बसलास. गुडघ्यावर हेल्मेट, शर्टावर ग्रीसचा डाग. त्या दिवशी मी सगळ्यांकडून ‘तुमच्याबद्दल सांगा’ करून घेत होते. एका आगाऊ पोराने मागे वळून म्हटलं, “मॅडम, आता या सरांची टर्न!” मला वाटलं तू हसून टाळशील. तू उभा राहिलास.

“आपण सिद्धेश. आपण लिफ्टवाला. लिफ्ट अडकली की आपल्याला बोलवतात. नाय अडकली तर कोण विचारत नाय.” आणि खाली बसलास.

सगळा वर्ग हसला. मीही हसले, पण मला लाजच वाटली होती, आज सांगते. वाटलं, आपण इथे तीन महिने घसा कोरडा करतोय आणि आपलाच मित्र येऊन वाट लावून गेला. पण सायलीच्या लक्षात राहिलास तू. सायली म्हणजे ती पहिल्या बाकावरची, जिला बोलायला उभं केलं की कानापर्यंत लाल व्हायची आणि तोंडातून शब्द फुटायचा नाही. तू जाता जाता तिला म्हणालास, “लिफ्टमध्ये अडकल्यासारखं होतं ना? आपण आतल्या माणसाला पहिलं नाव विचारतो. नाव सांगितलं की माणूस जाग्यावर येतो. तू पण पहिलं नावच सांग, बाकी मागनं येतं.” पुढच्या सोमवारी ती उभी राहिली, म्हणाली, “माझं नाव सायली,” थांबली, श्वास घेतला, आणि पुढची चार वाक्यं धडाधड बोलली. तीन महिने मी काय करत होते कोण जाणे.

हे नाव विचारायचं प्रकरण मला नंतर स्वतःलाच भोगायला लागलं.

अंधेरीतल्याच दुसऱ्या एका काचेच्या इमारतीत मी एका ऑफिसच्या लोकांना शिकवायला गेले होते. कडक इस्त्रीचा कुर्ता, बॅगेत लॅपटॉप, विषय ‘प्रभावी संवाद’. सहावा आणि सातवा मजला यांच्या मधे लिफ्ट थांबली. आत मी एकटी. दिवा चालू, पंखा बंद. मी घंटी वाजवली, दारावर हात आपटले, आणि मग तुला फोन लावला. वॉचमनला नाही, ऑफिसात नाही, तुलाच.

“नाव काय तुमचं मॅडम?”

“गाढवा, मी आहे!”

“मी कोण? नाव सांगा.”

“सिद्ध्या, तुला मारीन हां मी! मी मरतेय इथे!”

“नाव सांगितल्याशिवाय आपण काय करू शकत नाय.”

“अश्विनी! अशू! झालं?”

“झालं. आता खाली बस. चपला काढ. दाराला हात लावायचा नाय. आपण आहे इथं.”

“कुठे इथं? तू बोरिवलीत आहेस ना आज!”

“तेच ते. आपण आहे.”

दुसऱ्या फोनवरून तू तिथल्या जवळच्या मेकॅनिकला पाठवत होतास आणि या फोनवर माझ्याकडून आपल्या कॉलनीतली घरं पाढ्यांसारखी म्हणून घेत होतास. तळमजल्यापासून क्रमाने. एक नंबरमध्ये कोण? सावंत. दोनमध्ये? सहामध्ये कोण होतं आधी, ते कुत्रेवाले की नंतर आले? मी रडत रडत मुलुंडची आपली अख्खी बिल्डिंग म्हटली, चौथ्या मजल्यावर येईपर्यंत दार उघडलं. तू तासाभराने येऊन पोचलास, तोवर मी खाली वॉचमनच्या खुर्चीत बसून नाक पुसत होते. तू काही विचारलं नाहीस. समोरच्या गाडीवरून उसाचा रस आणलास आणि मी तो पिईपर्यंत उभा राहिलास. थँक यू म्हटलं नव्हतं मी तेव्हा. ‘एवढा वेळ लागतो का यायला’ म्हटलं होतं.

आणि मग आला तुझा सुपरवायझरचा इंटरव्ह्यू. इथपासून आपलं भांडण, बरोबर ना?

मी तुझी तयारी करून घेतली होती, सलग दोन रविवार, आपल्या बिल्डिंगच्या गच्चीवर. काकू कुरडया वाळत घालत होत्या आणि मी तुला विचारत होते, ‘तुमच्या आयुष्यातलं सर्वांत अवघड काम कोणतं?’ तुझ्याकडे उत्तर होतं, आणि काय झकास उत्तर होतं! म्हाताराम्हातारी आणि त्यांची नर्स लिफ्टमध्ये अडकलेली, अख्ख्या भागातली वीज गेलेली, आणि तू त्यांना बाहेर काढलंस. म्हातारीला पाठीवर घेऊन जिना उतरलास. मी म्हटलं, बस, हेच सांग. फक्त ‘मी’ म्हण. मी गेलो, मी काढलं, मी उतरवलं. तू माझ्यासमोर म्हणूनही दाखवलंस, तोंड असं करून, जसं कोणी एरंडेल पाजलंय.

आणि तिथे जाऊन काय सांगितलंस? ‘आम्ही गेलो, काढलं.’ त्यांनी विचारलं, नक्की तुम्ही काय केलंत? तू म्हणालास, ‘सगळ्यांनी मिळूनच असतं ते.’ जागा दुसऱ्या कोणाला तरी मिळाली. तू मला हे सँडविच खाताना सांगितलंस, घाटकोपर स्टेशनबाहेर, जसं काही आज ऊन जास्त आहे सांगतोयस.

माझं टाळकंच फिरलं. “तू नव्हतास का तिथे?”

“होतो की.”

“मग ‘मी’ म्हणायला जीभ झिजते का तुझी?”

“अशू, एकट्याने लिफ्ट नाय उघडत गं. वरती एक लागतो, खाली एक लागतो. वरचा ब्रेक सोडतो तेव्हा खालचा दार उघडतो. आपण एकट्याने केलं कसं सांगायचं? खोटं नाय का ते?”

“खोटं नाही, मुलाखत आहे!”

“हां. मग ठीकाय,” म्हणालास आणि माझ्या सँडविचमधला बीट काढून खाल्लास.

मी तेवढ्यावर थांबायला हवं होतं. नाही थांबले. म्हटलं, “तुला स्वतःची किंमतच नाही. ‘आपण आपण’ करून तू लोकांच्या मागे लपतोस. असा माणूस दिसतच नाही कोणाला.” रस्त्यात उभी राहून, मोठ्याने. सँडविचवाला पण बघायला लागला.

तू शांतपणे तोंड पुसलंस. “आणि तू किती जणी आहेस माहितेय का तुला?” म्हणालास. “क्लासमधली एक. तुझ्या पुण्याच्या मामीशी फोनवर बोलते ती एक, ती ‘अगदी’ आणि ‘छानच’ म्हणते. ऑफिसवाल्यांशी बोलते ती ‘अॅक्च्युअली’वाली. आपल्याशी बोलते ती चौथी. आपण लांबून आवाज ऐकून सांगतो तुझा फोन कोणाचा आलाय. यातली अशू कुठची?”

मी रिक्षात बसले आणि निघून गेले. आठ दिवस बोलले नाही तुझ्याशी. नवव्या दिवशी तूच घरी आलास, काकूंनी दिलेलं भरलं पापलेट घेऊन, आणि दारातच म्हणालास, “लिफ्टमधली.”

“काय?”

“आपण विचार केला. लिफ्टमधली अशू खरी. एकदापण अॅक्च्युअली नाय आला तेव्हा.”

मी डबा घेतला आणि तुला म्हटलं, जा घरी. हसू येत होतं म्हणून म्हटलं. तुझ्या प्रश्नावर मात्र मी अजून चिडलेली आहे. कारण माझ्या क्लासमध्ये रोज मी तेच बघते, रे. पोरं घरचा आवाज घेऊन येतात. कोणाच्या बोलण्यात आजीचं गाव असतं, कोणाच्या बोलण्यात धारावी असते, मानखुर्द असतं, आणि ती पहिल्या दिवशी तोंड उघडायलाच घाबरतात. मी त्यांना नवा आवाज देते. तीन महिन्यांत खांदे वर येतात, हात नीट हलतात, नोकरी लागते. पेढे घेऊन येतात. मग कधी कधी त्यांच्यातलीच एखादी म्हणते, ‘मॅडम, आता घरी बोलताना विचित्र वाटतं, आई म्हणते तू कोणाशी बोलतेयस.’ मी म्हणते, होईल सवय. मला कुठे झालीय, ते मी तिला सांगत नाही.

आता जे सांगणार आहे ते मी तुला कधीच सांगितलं नाही. तुला माहीत होतं का, हे मला आता कळायचं नाही.

तू तिसरीत आमच्या शाळेत आलास. गावाहून, जूनमध्ये नाही, मधेच, दिवाळीनंतर. तेलाने चप्प बसवलेला भांग आणि मोठ्ठी सँडल. बाईंनी विचारलं, “फळा कोण पुसणार?” कोणी हात वर केला नाही. तू उठून उभा राहिलास आणि चांगल्या खणखणीत आवाजात म्हणालास, “मिया.”

तुमच्या मालवणीत ‘मी’ला ‘मिया’ म्हणतात, हे आमच्यातल्या कोणालाच माहीत नव्हतं. आमचं घर घाटावरचं, मी तर ऐकलंच नव्हतं कधी. लगेच कोणीतरी म्हणालं, “म्याँव!” वर्ग फुटला नुसता. बाई पण हसल्या, तोंडावर पदर धरून. तू फळा पुसलास, सगळा, कोपऱ्यापर्यंत, आणि जागेवर येऊन बसलास. पुढचे दोन महिने तुला सगळे ‘म्याऊ’ म्हणत होते. मधल्या सुट्टीत तुझ्या डब्यासमोर पोरं बशीतून दूध प्यायची अॅक्टिंग करायची. मग कधीतरी तू कॉलनीतल्या मोठ्या पोरांकडून ‘आपण’ उचललास. आपण बॅटिंग करणार. आपण आऊट नाय. त्याला कोणी हसलं नाही.

ती पहिली म्याँव माझी होती, सिद्ध्या. दोन बाक पुढे बसले होते, मागे वळूनसुद्धा बघितलं नव्हतं. आठ वर्षांची होते, असं म्हणून मी स्वतःला पुष्कळ वेळा सोडून दिलंय. पण मग हीच बाई मोठी होऊन लोकांना ‘मी’ म्हणायला शिकवते, तुझ्यावर रस्त्यात ओरडते की तू ‘मी’ का म्हणत नाहीस. चोराच्या उलट्या बोंबा म्हणतात त्या ह्याच. गच्चीवर तुझी तयारी घेताना दोनदा माझ्या तोंडावर आलं होतं की सांगून टाकू. काकू तिथेच होत्या, म्हणून राहिलं. हा बहाणा आहे, मला माहितेय.

त्यामुळे तुझा तो मेसेज मी असा वाचते. ‘मला’ लिहायला तू घाबरलास. घाबरलास कारण तिसरीत कोणीतरी तुझ्या तोंडातून ‘मी’ काढून घेतला. आणि ज्या बाईने काढून घेतला, तीच चुकीचा अर्थ लावून बसली. सगळं माझ्यापाशी येऊन थांबतं. तेरा दिवस मी हाच हिशेब करत होते, आणि तो दरवेळी बरोबर येत होता.

तू गेल्यावरच्या रविवारी सकाळी क्लिनिकचा मेसेज आला. ‘आपली आजची अपॉइंटमेंट सकाळी साडेदहा.’ आपली! मी फोन पलंगावर फेकला. मग उचलला, फोन करून तारीख पुढे ढकलली. रद्द केली नाही, का कोण जाणे. तूच ‘चालेल’ म्हणाला होतास म्हणून असेल.

काल काकूंना घेऊन गेले. दहा पावलांवर रिक्षा, तरी त्यांना तीनदा थांबायला लागलं. वेटिंगमध्ये गर्दी होती, आम्हाला कोपऱ्यात दोन खुर्च्या मिळाल्या. समोर टीव्हीवर आवाज बंद करून स्वयंपाकाचा कार्यक्रम. मी ठरवलं होतं की आज सांगायचं. घरी सांगितलं असतं तर त्यांनी रडून घेतलं असतं आणि मला जवळ घेतलं असतं, आणि ते मला नको होतं. इथे चार लोकांत त्यांनी मला दोन शब्द सुनावावेत, असं काहीतरी डोक्यात होतं माझ्या.

“काकू, एक सांगायचंय.”

“सांग गो.”

मी फोन काढला. त्यांचा चष्मा घरी राहिलेला, म्हणून वाचून दाखवलं. तुझा मेसेज, माझं उत्तर, तुझं ‘चालेल’. म्हटलं, “काकू, तो स्वतःबद्दल सांगत होता. मला वाटलं तुमच्याबद्दल. मी विचारलं असतं, ‘कोणाला?’ एवढा एक शब्द, तर...”

काकूंनी पदराचं टोक गुडघ्यावर सरळ केलं. मला वाटलं, समजलं नसेल. मग म्हणाल्या, “माका पण सांगल्यान हुता तेना.”

“काय?”

“सोमवारीच. सकाळी. ‘आये, माझ्या छातीत जळजळता.’ मिया म्हटलंय, भायरचा खातंस, पित्त झाला आसात. आमसुलाचा पाणी करून दिलंय. पिलो, ढेकर दिल्यान, बरा वाटता म्हणालो. आनि गेलो कामाक.”

मी काकूंचा हात धरला. तो गार होता. पण माझं डोकं एकाच शब्दावर अडकलेलं, तुला माझा स्वभाव माहितेय. “माझ्या म्हणाला?” मी विचारलं. “माझ्या छातीत, असं?”

“मगे काय तुझ्या छातीत म्हणतलो?”

“नाही, म्हणजे तो ‘आपण’ म्हणायचा ना, काकू. सगळ्यालाच.”

“ता तुमच्यात. भायर,” काकू म्हणाल्या. “घरात खय? घरात मिया नि माका. मिया जेवतंय, माका झोप येता. त्या गुरवारी पण बूट घालताना म्हणालो, ‘आये, मिया येतंय.’”

सिद्ध्या, मी तुला काय समजत होते रे! वीस वर्षं मला वाटत होतं की तुझा ‘मी’ मी मोडला. तू तर तो घरी ठेवून यायचास. जिथे कोणी हसत नाही तिथे काढायचास, रोज, जेवताना, झोपताना, बूट घालताना. आणि बाहेर आम्हाला द्यायला तुझ्याकडे ‘आपण’ होता. त्या ‘आपण’मध्ये म्हातारी होती, वरचा ब्रेकवाला होता, सायली होती, लिफ्टमध्ये रडणारी मी होते. मी त्याला लपणं म्हणत होते. थोडं लपणंही असेल त्यात, मी अजून भांडायला तयार आहे. पण एवढंच नव्हतं.

आणि दुसरी गोष्ट, जी मला अजून नीट गिळता येत नाहीये. काकूंना तू स्वच्छ सांगितलंस. माझ्या. छातीत. जळजळता. माझ्या क्लासमध्ये शंभरपैकी शंभर मिळतील असं वाक्य. आणि ज्या बाईने तुला जन्म दिला, तिने ते ऐकून तुला आमसुलाचं पाणी दिलं. प्रेमाने दिलं. म्हणजे नीट बोललं की नीट ऐकलं जातं, हे जे मी शिकवते, ते काय आहे मग? उद्या क्लासला जाऊन मी काय सांगू पोरांना? तू असतास तर म्हणाला असतास, ‘सांग, पहिलं नाव सांगा, बाकी मागनं येतं.’ तेच सांगेन बहुतेक. आणि ऐकणाऱ्याने एकदा ‘कोणाला?’ विचारावं, हेही शिकवेन. त्याचा क्लास कोणी काढलेला नाही अजून.

मी काकूंना म्हटलं, “आमसुलाचं पाणी कोणीही दिलं असतं, काकू. माझ्या आईने पण दिलं असतं.”

काकूंनी पदराने डोळे पुसले, आणि मग माझेही पुसले, त्याच पदराने, जरा जोरातच. “मगे तुया पण गप ऱ्हव,” म्हणाल्या.

मी तिसरीतलं सांगायला तोंड उघडलं. खरंच उघडलं होतं. तेवढ्यात काउंटरवरच्या मुलीने कागदावरून मान न उचलता आमच्या दिशेने विचारलं, “साडेदहाची अपॉइंटमेंट. पेशंट कोण दोघींपैकी?”

काकूंनी एक हात माझ्या खांद्यावर ठेवला, दुसरा खुर्चीच्या दांड्यावर, आणि गुडघा सांभाळत त्या उठून उभ्या राहिल्या. भरलेल्या वेटिंगमध्ये, चांगल्या खणखणीत आवाजात म्हणाल्या,

“मिया.”

मी सगळ्यांच्या तोंडांकडे बघितलं. एक-एक करून, शेवटच्या खुर्चीपर्यंत. कोणी हसलं नाही, सिद्ध्या. त्या मुलीने नाव लिहून घेतलं आणि म्हणाली, “या, आत या.”